शॉकमध्ये रक्तात 'मुक्त कण' वाढतात, म्हणजे नेमकं काय वाढतं?

पाटीपेन्सिल

मंडळी, एक वाक्य दोन दिवस डोक्यात अडकून बसलंय. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत येतेय, तिची भाषा तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी वैद्यकातली नाही. वाक्य असं:

'धक्क्याच्या वेळी रक्तातील मुक्त कण आणि नायट्रिक ऑक्साइड यांचे प्रमाण वाढते व रक्तवाहिन्या रुंदावतात.'

व्याकरण ठीक, शुद्धलेखन ठीक. पण वाचलं की डोळ्यांपुढे येतं ते असं: कुणाला तरी वाईट बातमी कळली, धक्का बसला आणि रक्तात कसलेसे बारीक कण मोकाट सुटले. लिहिणाऱ्याला हे म्हणायचं नसणार एवढं मलाही कळतं. 'धक्का' ठेवू, 'आघात' करू की सरळ 'शॉक' लिहू? 'मुक्त कण' बरोबर की 'मुक्त मूलके'? आणि नायट्रिक ऑक्साइडला मराठी शब्द आहे का?

तिरपीओळ

'आघात' करा. भारदस्त आहे, सगळ्यांना कळतो.

कडूकारलं

भारदस्त आहे म्हणूनच नको. पक्षाघात आहे, हृदयाघात आहे, तबल्यावरचा आघात आहे, उच्चारातला आघात आहे, आणि वैद्यकात ट्रॉमालाही आघातच म्हणतात. अपघातात मांडीचं हाड मोडलं, हा आघात. त्यातून लिटरभर रक्त गेलं आणि माणूस थंडगार पडला, हा शॉक. दोन्ही एकाच परिच्छेदात आले की वाचणारा गेला कामातून.

तिरपीओळ

मग 'अवसाद' घ्या. अव अधिक सद्, म्हणजे खाली बसणं, खचणं. शरीर खचतं, अर्थ चपखल बसतो.

कडूकारलं

अर्थ चपखल, पण शब्द शेजारी राहायला गेलाय. हिंदीत अवसाद म्हणजे नैराश्य, आणि भूगोलाच्या पुस्तकात गाळ. टीव्हीवर हिंदी ऐकणाऱ्या नातेवाइकाला 'रुग्ण अवसादात आहे' म्हणालात तर तो मानसोपचारवाला शोधेल.

खाट नंबर सात

मी आयसीयूतच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे 'शॉक' हा शब्द मराठीत आधीच आहे, आणि एक नाही, तीन आहेत. क्रियापद बदललं की शब्द बदलतो. वायरला हात लागला की शॉक लागतो. बातमी ऐकून शॉक बसतो. आणि आमच्याकडे पेशंट शॉकमध्ये जातो. वॉर्डात सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे 'शॉकमध्ये गेला' म्हणतात, 'शॉक बसला' कुणीच म्हणत नाही. घोटाळा होतो तो बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाशी बोलताना, कारण त्याला पहिले दोनच माहीत असतात.

माझाच किस्सा. आतडं फुटून पोटात पू झालेले एक आजोबा. रात्री अडीचला मी त्यांच्या मुलाला म्हणालो, 'बाबा शॉकमध्ये गेलेत.' मुलगा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'पण डॉक्टर, काका गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलंच नाहीये.' घरातला दुसरा मृत्यू त्यांनी आजोबांपासून लपवला होता, आणि आता कोण फितूर झालं याचा तो विचार करत होता. चूक माझी. तेव्हापासून मी आधी सांगतो, 'बीपी लागत नाहीये, शरीराला रक्त पुरत नाहीये,' आणि मग म्हणतो, 'याला आम्ही शॉक म्हणतो.'

वैद्यकातल्या शॉकचा अर्थ एवढाच: पेशींना गरजेपुरतं रक्त, म्हणजे प्राणवायू, पोचत नाही. कारणं चार तऱ्हेची. रक्त किंवा पाणीच कमी पडलं (बाळंतपणातला रक्तस्राव, जुलाब-उलट्या, मोठं भाजणं). पंप कमजोर झाला (हार्ट अटॅक). वाट अडली (फुप्फुसाच्या धमनीत गुठळी). किंवा रक्त आहे, पंप आहे, पण नळ्याच ढिल्या पडल्या: सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीराचा तोल जाऊन अवयव बिघडणं), जोराची अ‍ॅलर्जी, मज्जारज्जूची इजा.

आता ताई, तुमचं वाक्य बघा. 'धक्क्याच्या वेळी रक्तवाहिन्या रुंदावतात' हे फक्त चौथ्या गटाबद्दल खरं आहे. पहिल्या तिन्हींत शरीर उलट कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून हातपाय गार आणि घामट लागतात. सेप्सिसमध्ये सुरुवातीला हात गरम असतात, आणि नातेवाईक म्हणतात, 'हात तर चांगला गरम आहे, मग एवढं सीरियस कसं?' तेव्हा शब्द कुठलाही घ्या, मागे 'सेप्टिक' लावल्याशिवाय वाक्य खोटं ठरतं.

कडूकारलं

'सेप्टिक'चीही एक गंमत आहेच. आमच्याकडे 'जखम सेप्टिक झाली' म्हणजे पिकली, पू झाला. एवढंच. त्या 'सेप्टिक'ने माणूस मरत नाही, पट्टी बदलतात.

खाट नंबर सात

बरोबर, आणि म्हणून 'सेप्टिक शॉक' ऐकल्यावर लोक जखम शोधतात. न्यूमोनियाचा पेशंट असतो, जखम कुठे दाखवू? २०१६ पासून आमच्या व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणजे: सेप्सिस आहे, पुरेसं सलाईन दिलंय, तरी रक्तदाबाची सरासरी ६५वर ठेवायला बीपीचं, म्हणजे बीपी वाढवायचं, इंजेक्शन चालूच ठेवावं लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशी अडचणीत आल्या की वाढणारं द्रव्य) २ च्या वर आहे. पुस्तिकेत एवढं नको. 'जंतुसंसर्गामुळे आलेला शॉक' पुरे.

शब्दाच्या जन्माबद्दल: हा शब्द बंदुकीच्या गोळीबरोबर वैद्यकात आला. फ्रेंच शल्यविशारद ल द्राँ यांनी बंदुकीच्या जखमांवर ग्रंथ लिहिला, आणि १७४३ च्या त्याच्या इंग्रजी भाषांतरात 'शॉक' हा शब्द आला. तेव्हा त्याचा अर्थ खरोखर धक्का, हादरा असाच होता. गोळी लागलेला सैनिक हादरतो. रक्तदाब मोजायची सोय शंभर-दीडशे वर्षं पुढे होती. म्हणजे इंग्रजीतही शब्द जुन्या समजुतीचाच आहे. त्याचं 'धक्का' असं भाषांतर केलं की ती जुनी समजूत तेवढी मराठीत येते.

परीक्षानळी

शॉकचं डॉक्टरांनी निपटलं, आता माझ्या खात्याकडे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, निवृत्त झालो, पण 'मुक्त कण' वाचलं की अजून लाल पेन शोधतो.

कण कसला? धूळ कण, वाळू कण, इलेक्ट्रॉन हाही कण. 'मुक्त कण' हा वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीतला शब्द आहे, त्यातून काहीही कळत नाही. शब्द आहे 'मूलक'. पण त्यातही खाच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात मुलं मूलके शिकतात ती कुठली? सोडियम, अमोनियम ही आम्लारिधर्मी मूलके. क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट ही आम्लधर्मी मूलके. म्हणजे प्रभार असलेली आयनं. त्यांची संयुजा पाठ करायची, तिरकी फुली मारायची, रेणुसूत्र तयार. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाच्या डोक्यात मूलक म्हणजे हेच. ही मूलके मिठात असतात, आणि मीठ खाऊन कुणाच्या पेशी जळत नाहीत.

'मुक्त मूलक' ही निराळी जात. इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. ज्या अणूत किंवा रेणूत एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा राहिला, तो मुक्त मूलक. तो जोडीदार मिळवायला शेजाऱ्याकडून ओढून घेतो, मग शेजारी बिनजोडीचा होतो, आणि साखळी चालू. प्रभार असो वा नसो, मुद्दा जोडीचा आहे.

'मुक्त' का, तर जुन्या रसायनशास्त्रात मूलक म्हणजे मोठ्या रेणूतला एक गट, जो एका संयुगातून दुसऱ्यात तसाच्या तसा जातो. तो सुटा, एकटा सापडत नाही असं मानत. १९०० मध्ये मोझेस गोम्बर्ग यांना असा सुटा गट सापडला. म्हणून 'मुक्त'. आता रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामकरणात 'मुक्त' हे विशेषण कालबाह्य मानतात, नुसतं मूलक म्हणतात. पण मराठीत आपल्याला 'मुक्त' ठेवावंच लागेल, नाहीतर आठवीतलं सल्फेट येऊन उभं राहील.

बर्फातला गडी

परीक्षानळी सर, गोम्बर्ग यांनी ते काम मिशिगन विद्यापीठात केलं. मी त्याच गावात राहतो! रोज त्या बाजूने जातो, आज शब्दचर्चेमुळे मान वळवून बघितलं.

उलटीवेलांटी

कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते: 'मूलक' म्हणजे मुळा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भाज्यांमध्ये मूलक येतो, तो आपला कोशिंबिरीचा मुळा. आणि गंमत पुढे आहे. 'रॅडिकल' आला लॅटिन 'राडिक्स'वरून, म्हणजे मूळ. इंग्रजीतला मुळा, 'रॅडिश', तोही त्याच 'राडिक्स'वरून. म्हणजे ज्याने कुणी रॅडिकलला मूलक म्हटलं, त्याने मूळही साधलं आणि नकळत मुळाही. असं भाषांतर शंभरात एखादंच जमतं, ते 'कण' करून वाया घालवू नका.

राजकारणातला रॅडिकल आपण 'मूलगामी' किंवा 'जहाल' करतो. 'मुक्त जहाल' करायचा मोह मला झालेला आहे, हेही कबूल करते. :)

तिरपीओळ

मुक्त जहाल! माझं मत यालाच. सिंहगर्जना करत पेशीवर तुटून पडणारे.

परीक्षानळी

हसून झालं असेल तर मुख्य चूक दाखवतो. ती एकाही नामात नाही. ती 'आणि'त आहे.

'मुक्त कण आणि नायट्रिक ऑक्साइड'. अहो, नायट्रोजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ५, ऑक्सिजनचे ६. बेरीज ११. अकराच्या जोड्या लावून दाखवा. एक उरतोच. म्हणजे नायट्रिक ऑक्साइड स्वतःच मुक्त मूलक आहे. हे वाक्य 'आंबे आणि हापूस' असं झालंय.

आणि मराठी नावाचं विचारलंत. शेतकरी खताच्या गोणीवरून नत्र, स्फुरद, पालाश ओळखतात, पण 'नत्राचे ऑक्साइड' म्हटलं की कुठलं ते कळणार नाही, कारण ती भावकी मोठी आहे. नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरतात तो हास्यवायू. नायट्रोजन डायऑक्साइड हा गाड्यांच्या धुरातला तपकिरी, हवाप्रदूषणाच्या आकड्यांत येतो तो. आणि हा नायट्रिक. 'स' आणि 'क' एवढाच फरक, मुद्रितशोधकाने डुलकी काढली की शॉकमधला पेशंट हसू लागायचा. नायट्रिक ऑक्साइड हेच ठेवा.

पाटीपेन्सिल

सर, 'आंबे आणि हापूस' वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. पण मग एक कळत नाही. हा गाड्यांच्या धुराचा भाऊबंद आपल्या रक्तात करतो काय?

खाट नंबर सात

काम करतो, आणि फार महत्त्वाचं. गोष्ट शब्दाचीच आहे, म्हणून सांगतो.

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवलं की रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर ती सैलावते. अस्तर खरवडलं गेलं असेल तर उलट आवळते. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघतंय. काय, ते माहीत नाही. म्हणून नाव ठेवलं 'अस्तरातून निघणारा शिथिल करणारा घटक'. वस्तू सापडायच्या आधी नाव, आणि नावच व्याख्या. पुढे १९८६-८७ च्या सुमारास उलगडलं की हा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना याच विषयासाठी मिळालं. मुराद यांनी आधीच दाखवलं होतं की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधं हाच वायू सोडतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते ना घरात, ती हेच करते. आणि नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट करून श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं.

तर निरोगी माणसात अस्तरातलं एंझाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू थेंबाथेंबाने बनवतं. काही सेकंद टिकतो, शेजारच्या स्नायूला 'सैल हो' सांगतो, संपतो. सेप्सिसमध्ये त्याच एंझाइमचा दुसरा प्रकार जागा होतो, एरवी तो जवळजवळ नसतोच. पांढऱ्या पेशींत आणि रक्तवाहिनीच्या स्नायूतही. तो थेंबाने नाही, नळ सोडल्यासारखा, तासन्‌तास वायू बनवतो. नळ्या ढिल्या पडतात, बीपीचं इंजेक्शन कितीही वाढवा, दाद देत नाहीत. रक्तस्रावाचा शॉक फार लांबला तरी शेवटी हेच होऊ शकतं. आवळून धरलेल्या नळ्याही मग सुटतात.

आता 'रक्तातील' या शब्दावर माझा आक्षेप. नायट्रिक ऑक्साइड रक्तात साठत नाही. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन त्याला तत्काळ गिळतं आणि त्याचं नायट्रेट होतं. म्हणून कुणी 'रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड मोजलं' म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याने नायट्रेट-नायट्राइट मोजलेलं असतं. नायट्राइट रसायन घालून गुलाबी होतं आणि त्या गुलाबीवरून हिशेब. धूर बघून चुलीवर किती लाकडं गेली ते सांगायचं. वायू बनतो रक्तवाहिनीच्या भिंतीत, काम करतो भिंतीत, आणि रक्तात त्याची राख सापडते. मुक्त मूलकांचंही तेच. ती पकडून दाखवायला खास यंत्र लागतं. एरवी त्यांनी काय जाळलं ते मोजतात.

परीक्षानळी

राखेची उपमा घेतली, वहीत लिहिली. पुढचं मी पुरं करतो. शॉकमध्ये दुसरं मूलक बनतं ते सुपरऑक्साइड. ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन. पांढऱ्या पेशी जंतू मारायला बनवतात, आणि उपाशी राहिलेल्या अवयवात रक्त परत सुरू झालं की तिथेही बनतं. आता एक बिनजोडीचा सुपरऑक्साइड आणि एक बिनजोडीचा नायट्रिक ऑक्साइड भेटले की काय होणार? जोडी लागणार. तयार होतं पेरॉक्सिनायट्राइट. आणि इथे भाषेची मजा आहे: पेरॉक्सिनायट्राइट मुक्त मूलक नाही. एकही इलेक्ट्रॉन एकटा नाही. तरी ते दोघांपेक्षा जास्त नासधूस करतं, प्रथिनं आणि पेशीतली ऊर्जाकेंद्रं बिघडवतं. जखम धुवायला वापरतात तो हायड्रोजन पेरॉक्साइड, तोही मूलक नाही, तरी या टोळीत धरतात. म्हणून शास्त्रज्ञ हल्ली 'क्रियाशील ऑक्सिजन संयुगे' असा सैल शब्द वापरतात. 'मुक्त मूलकांमुळे पेशींचं नुकसान' असं लिहिलं तर निम्मे आरोपी सुटतात.

तिरपीओळ

मग 'घातक द्रव्ये' लिहून मोकळं व्हा की. नातेवाइकाला रसायनशास्त्राची परीक्षा द्यायची नाही.

खाट नंबर सात

'घातक' लिहू नका, कळकळीने सांगतो. त्या विशेषणाने आमचीच माणसं फसली होती. नायट्रिक ऑक्साइड वाढतंय, ते घातक, तर बंद करा, असं म्हणून ते एंझाइम रोखणारं औषध सेप्टिक शॉकमध्ये देऊन पाहिलं. बीपी वाढलं, झकास. पण चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००४ मध्ये निकाल छापून आले: ७९७ रुग्ण, २८ दिवसांत औषधाच्या गटात ५९ टक्के दगावले, नुसत्या सलाईनसारख्या खोट्या औषधाच्या गटात ४९ टक्के. नळ सोडणाऱ्या एंझाइमबरोबर थेंबाचं एंझाइमही बंद झालं, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्येही तेच औषध वापरून बघितलं, २००७ मध्ये निकाल आला, फायदा शून्य.

आणि हाच वायू नवजात बाळाच्या फुप्फुसातला दाब वाढला तर आम्ही सिलिंडरमधून श्वासावाटे देतो, दहा लाखांत साधारण २० भाग. त्या बाळाच्या आईच्या हातात ही पुस्तिका पडली आणि तिने 'घातक नायट्रिक ऑक्साइड' वाचलं तर?

उलटीवेलांटी

डॉक्टर, माझी मावशी आयसीयूत होती तेव्हा घरातल्या प्रत्येकाने 'अँटिऑक्सिडंट द्या, आवळ्याचा रस द्या' लावलं होतं. 'मुक्त कण' हा शब्द त्यांना पाठ होता, बाकी काही नाही.

खाट नंबर सात

तो शब्दच जाहिरातीतून घरात आलाय. मूलक वाईट, विटामिन सी चांगलं, विषय संपला. सेप्सिसमध्ये बीपीच्या इंजेक्शनवर असलेल्यांना शिरेतून भरपूर विटामिन सी देऊन पाहिलं. २०२२ च्या मोठ्या चाचणीत मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं हे विटामिनच्या गटात ४४.५ टक्के, दुसऱ्यात ३८.५. उलटंच झालं. आवळा घरी खा, उत्तम आहे.

अजून एक, पुस्तिकेत हवंच असं: मिथिलीन ब्लू. नायट्रिक ऑक्साइड स्नायूला जो निरोप देतं तो मध्येच तोडणारं जुनं निळं रंगद्रव्य. काही ठिकाणी हट्टी शॉकमध्ये देतात. लघवी हिरवी-निळी होते आणि पिशवी बघून नातेवाईक किंचाळतात. एक ओळ घाला.

पाटीपेन्सिल

घातली. सगळ्यांचं ऐकून वाक्य असं केलंय:

'जंतुसंसर्गामुळे आलेल्या शॉकमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींत नायट्रिक ऑक्साइड हा वायू गरजेपेक्षा फार जास्त तयार होतो. त्यामुळे रक्तवाहिन्या ढिल्या पडतात आणि बीपी उतरतो. हा वायू आणि शरीरात तयार होणारी इतर मुक्त मूलके यांच्या संयोगातून पेशींना इजा करणारी द्रव्ये बनतात.'

'आणि' काढला नाही, पुढे 'इतर' घातलं. चालेल का सर?

परीक्षानळी

'इतर'ने काम केलं. हापूस आणि इतर आंबे. पास.

कडूकारलं

'शॉकमध्ये' हा शब्द आधीच्या पानावर 'शरीराला रक्त पुरत नाही' या अर्थाने समजावलेला असेल असं धरून चालतो. नसेल तर डॉक्टरांचे आजोबा परत येतील. आणि 'बीपी उतरतो' की 'उतरतं'? डॉक्टरांनीच वर 'बीपी वाढलं' लिहिलंय.

पाटीपेन्सिल

'रक्तदाब उतरतो' करू का? तो तरी नक्की पुल्लिंगी आहे.

खाट नंबर सात

करा, पण मग नातेवाईक पुस्तिका घेऊन माझ्याकडे येणार आणि विचारणार, 'डॉक्टर, रक्तदाब म्हणजे बीपी का?'